कलत्या घरातील कपाट

मार्च २०२५ मधील एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, महिला दिनाचे औचित्य साधून आम्ही नववीच्या वर्गास ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेची हकीकत सांगत होतो. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी, वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली, १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून २१ मे २०१८ रोजी गोव्यासच परतल्या, हे आम्ही फळ्यावर लिहिले. नौका अवघी ५६ फूट लांब आणि प्रवास २५४ दिवसांचा, हेही लिहिले. त्याच नौकेतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकारी पुन्हा प्रदक्षिणेस निघाल्या असून या घडीस समुद्रावरच आहेत, असे सांगताना आमचा आवाज थोडा चढलाही असेल. केप हॉर्नच्या लाटा आम्ही बऱ्याच रंगवून सांगितल्या. वर्णन संपले तेव्हा दुसऱ्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, एवढे दिवस त्या जेवत काय होत्या? आणि डबे ठेवीत कोठे? होडी कलली की डबे पडत नाहीत?”

वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण उत्तर आमच्यापाशी नव्हते. तास संपल्याची घंटा झाली आणि आम्ही सुटलो.

वास्तविक हे उत्तर इतर कोणास नसले तरी आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. आम्ही मूळचे गोमंतकातील दिवाडी बेटाचे. मांडवीच्या पात्रातील या बेटावरच रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तारिणी बांधली गेली आणि तिच्या आधीची ‘म्हादई’ही तेथलीच. म्हादईतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ साली अभिलाष टॉमी याच नौकेतून, कोठेही न थांबता, जगाला वळसा घालून आले. म्हादई हे मांडवीचेच उगमाकडील नाव. बडोद्यातही भर शहरात मांडवी आहे, परंतु ती चार दरवाजांची इमारत असून तिच्याखालून पाण्याऐवजी रिक्षा वाहतात! आम्ही बडोद्यास आलो तेव्हा घरच्या पत्रात ‘मांडवीजवळ खोली मिळाली’ असे कळविले होते आणि आमच्या आईची समजूत अशी झाली की, मुलाला नदीकाठी जागा मिळाली.

असो. आमचे वडील सुतार. तरुणपणी काही वर्षे ते मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जांवर दुरुस्तीच्या कामास होते. लोखंडी बार्जांतही खलाशांच्या खोल्यांना लाकूडकाम लागे. पुढे त्यांनी गावातच दारेखिडक्या केल्या. आम्ही त्यांचे एकुलते एक चिरंजीव. रंध्याच्या आवाजाने आम्हांस अभ्यास सुचत नसे, ही आमची बालपणीची तक्रार होती. आम्ही कलाशाखेची पदवी घेतली, शिक्षक झालो आणि गाव सोडले. बाबा त्यावर कधी काही बोलले नाहीत. गेली तीन-चार वर्षे त्यांना कंपवाताचा विकार आहे. चहाची बशी धरली तरी वाजते. पटाशी, रंधा, करवत, गिरमिट ही सारी हत्यारे तेल लावून पेटीत ठेवलेली आहेत.

त्याच महिन्यात आमच्या मावसभावाचा, म्हणजे दादाचा, दूरध्वनी आला. त्याने एक जुनी शिडाची होडी विकत घेतली होती. लांबी २४ फूट, अंग काचतंतूचे आणि धड. पण आतील स्वयंपाकाच्या कोपऱ्यातील फळ्या कुजून गेलेल्या. तो बाबांकडे गेला होता. बाबा म्हणाले होते, “त्याला विचार.”

‘त्याला’ म्हणजे आम्हांस! हा निरोप ऐकून आम्हांस जो आनंद झाला, त्यात शहाणपणाचा अंश थोडा होता. आम्ही दादाकडून मापे मागविली. त्याने लांबी ३८ इंच, उंची ३० इंच आणि खोली १६ इंच अशी तीन मापे कळविली. शेजाऱ्यांची हत्यारे उसनी आणून, चार रविवार गॅलरीत खपून, आम्ही एक कपाट तयार केले. कोपरे गुण्याने तपासलेले, फळ्या पाणसळीने पाहिलेल्या, दारे अशी की बोटाने ढकलावी आणि मिटावीत. चाळीतील मंडळी पाहून गेली. एका गृहस्थांनी तर कलाभवनाचे नाव काढले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापिलेल्या आणि दादासाहेब फाळके जेथे शिकले त्या संस्थेचे नाव आमच्या कपाटाच्या संदर्भात निघावे, यापरते भूषण कोणते? मे महिन्याच्या सुटीत ते कपाट रेल्वेच्या पार्सल डब्यात नोंदवून आम्ही मडगावास उतरलो.

होडी पावसाळ्यापूर्वी काठावर ओढून आधारांवर उभी केली होती. कपाट चौघांनी मोठ्या कष्टाने आत उतरविले आणि जागेवर सरकवले. ते बसेना. त्याचा खालचा मागील कोपरा होडीच्या कुशीला टेकला आणि वरच्या बाजूस वीतभर फट राहिली. पुढे ओढले तर वाट अडे. शिवाय नाळेकडे होडी निमुळती होत गेलेली, म्हणून एक टोक भिंतीला लागले की दुसरे हवेत. आम्ही गुण्या लावून पाहिला. त्या होडीत काटकोन असा कोठे नव्हताच. पाणसळ लावून पाहिली. पण आधारांवर होडीच किंचित कललेली, तेथे पाणसळ काय सांगणार?

बाबा काठावर खुर्चीत बसले होते. त्यांनी आत येण्यासाठी हात पुढे केला. आम्ही दोघांनी धरून त्यांना खाली उतरविले. कपाटाकडे त्यांनी पाहिलेही नाही. होडीच्या आतील अंगावरून, जेथे कपाट यावयाचे होते तेथून, त्यांनी आपला थरथरता तळहात वरून खाली आणि मागून पुढे सावकाश फिरविला. मग म्हणाले, “हें घर न्हय, पुता. पयलीं हात फिरय, मागीर माप घे.”

(हे घर नव्हे, मुला. आधी हात फिरव, माप नंतर घे.)

पुढील अठरा दिवसांत आम्ही जे शिकलो, ते आमच्या कोणत्याही परीक्षेत विचारले गेले नव्हते. प्रथम, वक्र अंगाचे माप फूटपट्टीने घेता येत नाही. त्याचा साचा काढावा लागतो. आम्ही फ्रीजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा आणला. त्याचा एक तुकडा अंदाजाने कापून होडीच्या भिंतीला आडवा, उभा धरला. कंपासाचे दोन पाय ठराविक अंतरावर पक्के केले. एका पायाचे टोक भिंतीवरून चालवावयाचे आणि दुसऱ्या पायातील पेन्सिल पुठ्ठ्यावर चालू द्यावयाची. भिंत जशी वळेल तशी रेघ वळते. रेघेवर कापले की पुठ्ठा भिंतीला जवळ जवळ बसतो. जेथे उजेड दिसेल तेथे पुन्हा कंपास फिरवावयाचा. दर आठ इंचांवर एक याप्रमाणे आम्ही पाच साचे काढले आणि पाचही निरनिराळे निघाले. पाणसळ निरुपयोगी म्हणून होडीतच एक सरळ रेघ मूळ धरली आणि सारी मापे त्या रेघेपासून घेतली. पाण्यावर गेल्यावर होडी कशीही कलो, ती रेघ तिच्याबरोबर कलणार.

साचे झाल्यावर आमची पुढची चूक निघाली. बाबांनी चुलीकडे बोट दाखविले. शिडाच्या होडीतील चूल पक्की बसविलेली नसते. ती दोन खुंट्यांवर पाळण्यासारखी टांगलेली असते. होडी कुशीवर कलली तरी चूल सपाट राहते आणि वरचे पातेले सांडत नाही. वारा चांगला असला म्हणजे अशी होडी वीस-पंचवीस अंश कलून तासन्‌तास चालते, म्हणजे तेवढा वेळ चूल भिंतीकडे तरी झुकलेली असते किंवा माणसाकडे तरी. आमच्या बेतातील कपाटाचे दार नेमके तिच्या झोक्यात येत होते. आम्ही कपाट वीतभर मागे घेतले. गॅसची टाकी तर आत ठेवावयाचीच नाही. हा वायू हवेपेक्षा जड. गळला तर होडीच्या तळात पाण्यासारखा साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून टाकीसाठी बाहेर, सुकाणूजवळ, निराळी पेटी केली आणि तिच्या तळाला थेट समुद्रात उघडणारे भोक ठेवले.

लाकडाच्या बाबतीत बाबांचा आणि दादाचा मतभेद झाला. बाबांच्या मनात साग. दादा म्हणाला, साग टिकेल, परंतु जड होईल. शेवटी कठडे आणि दारांच्या चौकटी सागाच्या आणि बाकी सारे पातळ मरीन प्लायवूडचे, असे ठरले. (७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाचा शिक्का पाहून ते घ्यावे, त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात.) बाजारातील साध्या प्लायवूडचे थर एका पावसाळ्यात पुस्तकाच्या पानांसारखे सुटतात. आमच्या बडोद्याच्या कपाटाचे प्लायवूड कोणत्या जातीचे होते, हे आम्ही त्या वेळी सांगितले नाही.

या वजनाविषयी थोडे थांबून लिहावयास हवे. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीस आलेल्या शाळकरी मुलांची होडी उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका बुडून मरण पावल्या. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्या दिवसापासून आमच्या वर्गात ‘होडी’ हा शब्द निघाला की क्षणभर शांतता होते. त्या मुलीने प्रश्न विचारला तेव्हाचे हसूही या शांततेनंतरचे होते. मुलांना पाण्याची भीती घालून भागणार नाही. ओझे किती आणि कोठे, हे सांगावे लागेल. दादाच्या होडीच्या तळाखाली शिशाचा जड कणा आहे, ज्याला कील म्हणतात. वारा शीड ढकलतो आणि कील होडीला पुन्हा सरळ करते. तुम्ही जे ओझे वर ठेवाल ते कीलच्या विरुद्ध काम करील. जे खाली आणि मध्याजवळ ठेवाल ते तिला मदत करील. म्हणून तांदूळ, डाळी, तेल, पाण्याचे कॅन सर्वांत खालच्या कप्प्यात, ताटल्या मधल्यात, चहा, मसाले, काडेपेटी वरती. नाळेच्या टोकाशी किंवा अगदी मागे जड वस्तू ठेवली तर लाटेवर होडीचे ते टोक उशिरा उठते. उजव्या कुशीत जेवढे, तेवढेच डाव्या कुशीत. दादाने प्रत्येक डबा तराजूत तोलून वहीत उतरविला. आम्हांस प्रथम हा अतिरेक वाटला होता.

मग वहिनी आल्या आणि आमचा सगळा बेत पुन्हा बदलला. जी बाई तेथे स्वयंपाक करणार तिला आम्ही तिघांनीही विचारले नव्हते! त्या चुलीसमोर कमरपट्टा बांधून टेकल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “भावोजी, रात्री दिवा न लावता माझ्या हाताला मीठ लागले पाहिजे.” त्यांचा हात जेथे पोचला तेथे आम्ही खडूने खूण केली. आमची वरची फळी त्या खुणेच्या चार इंच वर होती. एके काळी इंग्रजांच्या आगबोटींवरील भटारखान्यात आणि भोजनगृहात गोमंतकीय स्वयंपाकी आणि वाढपी मोठ्या संख्येने असत. त्यांच्या हातांची मापे कोणी घेतली होती की नाही, कोण जाणे.

फळी खाली आली. प्रत्येक फळीला पुढे दोन इंच उंचीचा सागाचा कठडा बसविला आणि कोपऱ्यांत तो मुद्दाम तोडला, म्हणजे सांडलेले पुसून काढता येते. दारांना बाहेर मूठ ठेवली नाही. होडी हेलकावली की माणूस मुठीवर आपटतो आणि कपडे मुठीत अडकतात. त्याऐवजी दाराला बोट जाईल एवढे गोल भोक आणि आतून खटका. बडोद्याच्या दारांत चुंबक होते. बाबांनी ते दार एका बोटाने उघडून दाखविले आणि मग एक नारळ आत ठेवून कपाट कलते केले. नारळ बाहेर आला. त्यावर भाष्याची गरज नव्हती. भोकांमुळे आत हवाही खेळते, नाहीतर बंद कप्प्यात दोन दिवसांत बुरशीचा वास येतो.

एका दुपारी, भरती लागली असताना, वरच्या कठड्याचा सांधा बसत नव्हता. कुसू किंचित जाड होते. बाबा म्हणाले, पटाशी दे. आम्ही दिली. दादाने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान फिरविली. त्यांनी डावा हात लाकडावर दाबला, कोपर गुडघ्याला टेकवले, श्वास धरला आणि पहिली साल काढली. कागदासारखी पातळ, अखंड साल. दुसरीही तशीच. तिसऱ्या वेळी पटाशी घसरली. हाताला लागले नाही, परंतु कठड्याच्या दर्शनी बाजूस इंचभर लांब खोल ओरखडा उठला. बराच वेळ कोणी बोलले नाही. बाबांनी पटाशीची मूठ आमच्याकडे केली आणि म्हणाले, “आतां तुजे हात.”

आमचे हात! खडूचे हात. त्यांनी आपला हात आमच्या मनगटावर ठेवला आणि आम्ही कुसू तासले. त्यांची थरथर आमच्या हातात उतरत होती, म्हणून मधून मधून थांबावे लागे. सांधा संध्याकाळी बसला. तो बसताना जो लहानसा आवाज होतो तो आम्ही लहानपणी शेकडो वेळा ऐकला होता. अभ्यासात व्यत्यय म्हणून.

ओरखडा भरून, घासून काढू, असे दादा म्हणाला. वहिनींनी त्यावर वार्निश दिले आणि विषय संपविला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आम्ही ते पाच साचे वर्गात नेले आणि त्या मुलीस उत्तर दिले. मग प्रत्येक गटास पुठ्ठा, कात्री आणि कंपास देऊन वऱ्हांड्यातील पाण्याच्या माठाचा साचा काढावयास सांगितले. तोपर्यंत तारिणी मे अखेरीस गोव्यास सुखरूप परतली होती, तेव्हा वर्गाचा उत्साह दुणावलेला. पहिल्या दिवशी एकही साचा माठाला बसला नाही. तिसऱ्या दिवशी चार बसले. भूमितीत काठावर पास होणाऱ्या एका मुलाचा साचा असा बसला की मध्ये पोस्टकार्डही शिरेना. त्याने कंपास फिरविण्यापूर्वी माठावरून हात फिरविला होता, हे आम्ही पाहिले.

दिवाळीच्या सुटीत आम्ही पुन्हा दिवाडीस गेलो. होडी पाण्यात होती. डबे भरण्याचे काम बाबांनी मागून घेतले. समुद्रावर डब्यांची कागदी नावे टिकत नाहीत. ती भिजून सुटतात आणि तळातले पाणी उपसणाऱ्या पंपात अडकतात. म्हणून जुने दर्यावर्दी डब्यांवरचे कागद आधीच सोलून काढतात आणि रंगाने खुणा करतात. बाबांनी तांबडा रंग आणि बारीक कुंचला घेतला आणि दिवसभर बसून प्रत्येक डब्यावर पहिले अक्षर काढले. दादा म्हणाला, अक्षरे नीट लागत नाहीत, पुन्हा काढू का? बाबा झोपल्यावर त्याने एक डबा हातात घेतलाही होता. मग तो जागेवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मतलई वाऱ्यावर आम्ही मांडवीच्या मुखातून बाहेर पडलो. बाबा आत, कपाटासमोरच्या बाकावर, दोन उशांच्या मध्ये बसले होते. दुपारी खारा वारा उठला आणि आग्वादच्या बाहेर होडी चांगलीच कलली. वर आम्हांस धडकी भरली. खाली पाहिले तर बाबांनी डोळे मिटून कान कपाटाच्या दाराला लावला होता. “आवाज येता?” आम्ही विचारले. त्यांनी बोट वर केले. आत एक चमचा वाजत होता. वहिनींनी दार उघडून त्याच्याभोवती फडके गुंडाळले. बाबांनी पुन्हा कान लावला आणि मान हलविली.

जेवणाची वेळ झाली. वहिनींनी न पाहता खालच्या कप्प्यातून ‘तां’ लिहिलेला डबा काढला, झाकण उघडले आणि त्या हसू लागल्या. कोकणीत तुरीच्या डाळीला ‘तोर’ म्हणतात. थरथरत्या हाताने दिलेला अनुस्वार कोठे संपतो आणि ‘तो’ची मात्रा कोठे सुरू होते, हे कोणास सांगता आले असते? दोन्ही डबे बाहेर काढून पाहिले. दोन्हींत डाळच होती. तांदळाचा डबा घरी ओट्यावर राहिला होता. त्या दिवशी आग्वादच्या समोर आम्ही चौघांनी तोरीचे वरण आणि भाजलेले खारे बांगडे, एवढ्यावर जेवण केले, आणि वरण सांडले नाही.